टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी आई-बाबांची तपासणी राहिलीच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. गाव खानापूर तालुक्यातलं, नोकरी बेळगावात उद्यमबागेत. बायको सख्ख्या मामाची मुलगी. थोरल्या भावाला तिचीच मोठी बहीण दिलेली, म्हणजे घरात सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा. भावाच्या पाच वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी बेळगावला नेऊन रक्त चढवावं लागतं. नऊ दिवसांपूर्वी तुम्हाला मुलगा झाला. बाळंतपण माहेरी, चंदगड तालुक्यात. तिसऱ्या दिवशी टाच टोचून कागदावर रक्त घेतलं आणि काल व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. वरच्या ओळीत ‘हिमोग्लोबिन एफए, नॉर्मल’, खालच्या ओळीत ‘जी-सिक्स-पीडी कमी, पुन्हा तपासा’. आई म्हणाली, देव पावला. परवा बारसं आहे. थॅलेसेमियाची काळजी मिटली का, आणि ती खालची ओळ मनावर घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय.

थॅलेसेमियाची काळजी बाळापुरती बरीचशी मिटली. तुम्हा नवरा-बायकोची मात्र अजून सुरूही झालेली नाही. खालची ओळ बारशाच्या आधी मनावर घ्यायची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशीतलं एक एन्झाइम आहे. काही रसायनं शरीरात गेली की पेशीवर मारा होतो, त्या वेळी हे एन्झाइम तिला सांभाळतं. ते कमी असलेलं बाळ एरवी अगदी धडधाकट असतं. पण नको ती वस्तू अंगाला लागली किंवा पोटात गेली की पेशी भराभर फुटतात, कावीळ चढते. नवजात बाळाच्या यकृताला एवढा भार झेपत नाही, आणि कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून दोष जास्त करून मुलग्यांत दिसतो आणि तो आईकडून आलेला असतो. यात आईचा काडीचा दोष नाही. हे वाक्य मी दवाखान्यात प्रत्येक वेळी सासूबाईंकडे बघून म्हणते.

आता ती ‘नको ती वस्तू’ कोणती? आपल्याकडे पहिला नंबर डांबरगोळीचा. काही वर्षांपूर्वी निपाणीकडची एक आजी सहा दिवसांचा नातू घेऊन आली. “पोर पिवळं दिसालंय की ओ डॉक्टर, दूध पण ओढंना.” मी दुपटं सोडायला खाली वाकले आणि बाळाकडे बघायच्या आधी वास आला. पेटीतला वास. थोरल्या नातीची दुपटी, झबली, कुंच्या तीन वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेल्या, मुलगा झाला म्हणून कौतुकाने बाहेर काढलेल्या, तशाच वापरलेल्या. वर सकाळ-संध्याकाळ भरपूर तेल लावून मालीश. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन तेलात छान विरघळतं, म्हणजे तेलकट अंगाला ते दुपटं गुंडाळलं की ते कातडीतून आत जायला सोय झाली. त्या बाळाचं रक्त बदलावं लागलं. वाचलं, आता शाळेत जातंय.

त्या वेळी माझीही एक चूक झाली, ती सांगते. रक्त बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मी जी-सिक्स-पीडीचा नमुना पाठवला आणि तो नॉर्मल आला. येणारच, ते एन्झाइम रक्तदात्याचं होतं! चार महिन्यांनी पुन्हा पाठवला तेव्हा खरं काय ते कळलं. तेव्हापासून बाळाला रक्त द्यायच्या आधी कागदावर दोन थेंब घ्यायचे, हे मी वॉर्डच्या भिंतीवर लिहून लावलंय. हिमोग्लोबिनच्या तपासणीलाही हाच नियम. एकदा रक्त चढलं की साधारण चार महिने थांबल्याशिवाय बाळाचं स्वतःचं रक्त वाचता येत नाही.

तुमच्या रिपोर्टवर ‘पुन्हा तपासा’ लिहिलंय ते उगाच नाही. हे एन्झाइम नाजूक असतं. रक्ताचा कागद दमट हवेत नीट वाळला नाही किंवा कुरिअरच्या पिशवीत दोन-तीन दिवस उकाड्यात पडून राहिला, तर बाळात भरपूर असलेलं एन्झाइमही कागदावर कमी दिसतं. चंदगड-खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. तिथे चादर आठ-आठ दिवस वाळत नाही, तर तो जाड कागद तीन-चार तासांत कुठला वाळायचा. म्हणून कागदावरचा ‘कमी’ हा निकाल नव्हे, संशय आहे. नळीत रक्त घेऊन एन्झाइम मोजण्याची तपासणी होते, ती करा. बाळाची कावीळ उतरलेली असताना आणि बाळ ठणठणीत असताना करा. पेशी फुटत असताना जुन्या पेशी आधी फुटतात, उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं, आणि आकडा खोटाच चांगला येतो.

निकाल येईपर्यंत मात्र एन्झाइम कमीच आहे असं धरून चाला. ट्रंकेतले कपडे नकोत. वापरायचेच असले तर दोन-तीन वेळा धुऊन, उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावर. आहेरात आलेले, कुणाच्या कपाटातून निघालेले झबले-टोपडेही आधी धुवायचे. बारशाला हौसेने बाळाच्या तळव्याला मेंदी लावतात, ती अजिबात नको. मेंदीनेही पेशी फुटलेल्या बाळांची नोंद आहे. कापूर, बाम, छातीला चोळायचं मलम हे मी कुठल्याच तान्ह्या बाळाला लावू देत नाही. बाळाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला कुणीही औषध लिहून दिलं तर ‘जी-सिक्स-पीडीचा संशय आहे’ एवढं आधी सांगायचं. हिवतापाचं प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन ही त्यातली ठळक नावं.

खाण्याबद्दल एक गैरसमज मोबाइलवर फिरत असतो. इंग्रजीत ‘फवा बीन’ टाळा असं लिहिलेलं असतं, त्याचं कुणीतरी ‘वाल’ किंवा ‘पावटा’ करतं, आणि बाळंतिणीचं पावट्याचं कालवण बंद होतं. फवा बीन म्हणजे बाकला. आपला वाल-पावटा हे वेगळं पीक आहे, तो खुशाल खाऊ दे.

आजच्या आज उजेडात, खिडकीपाशी बाळ उघडं करून बघा. कपाळ, छाती, मांडी, तळवे असं बोटाने दाबून सोडायचं. बोट उचलल्यावर कातडी पिवळी दिसते का? पिवळेपणा मांड्यांच्या खाली उतरलेला असेल, बाळ पेंगत असेल, दूध ओढत नसेल किंवा लंगोटावर चहासारखा गडद डाग पडत असेल, तर बारसं राहू दे बाजूला, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोवळ्या उन्हात धरून ही कावीळ उतरत नाही.

आता वरची ओळ, ‘एफए, नॉर्मल’. इथेच बहुतेकांची गफलत होते, आणि शिकलेल्यांची जास्त होते, कारण ते रिपोर्ट स्वतः वाचतात.

पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला ‘एफ’ म्हणतात. मोठ्या माणसाचं ते ‘ए’. जन्मताना बहुतांश एफ असतं आणि थोडं ए. पुढच्या सहा महिने ते वर्षभरात एफ मागे पडतं आणि ए त्याची जागा घेतं. रिपोर्टवर अक्षरं प्रमाणाच्या क्रमाने लिहितात, म्हणून निरोगी नवजात बाळाचं ‘एफए’. बीटा थॅलेसेमियात बिघाड असतो तो ए बनवणाऱ्या जनुकात. त्यामुळे मेजर असलेलं बाळही जन्माला येतं तेव्हा गुलाबी, गुटगुटीत असतं. एफ त्याचं काम चालवून नेत असतं. तुमच्या पुतण्याचे बारशाचे फोटो काढून बघा. चार-सहा महिन्यांनंतर एफ ओसरायला लागतं, ए काही येत नाही, मग पोर पांढरं पडतं, वजन थांबतं, पोट वर येतं.

म्हणून टाचेच्या रक्तात आम्ही बघतो ते ए आहे की नाही हे. अजिबात नसेल, फक्त ‘एफ’ असेल, तर मेजरचा दाट संशय. पण खूप अपुऱ्या दिवसांच्या बाळातही ए जवळजवळ नसतं, त्यामुळे तिथे घाईने शिक्का मारायचा नाही. तुमच्या बाळात ए आहे, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. फक्त एक विचारून घ्या: ए किती टक्के? बिघाडाचे काही प्रकार असे असतात की ए थोडंसं तयार होतं, आणि भारतात सगळ्यात जास्त सापडणारा बिघाड याच जातीचा आहे. इंग्लंडच्या नवजात तपासणीत पूर्ण दिवसांच्या बाळात ए दीड टक्क्याच्या खाली असेल तर मेजरचा संशय धरतात. तुमच्या बाळाचं पंधरा-वीस टक्के असेल तर मेजरचा विचार सोडून द्या. दोन टक्क्यांच्या घरात असेल तर ‘नॉर्मल’ या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघेन. प्रयोगशाळेकडे आलेख असतोच. मागितला की देतात, मागत कुणी नाही.

हा रिपोर्ट जे सांगतच नाही ते पुढे आहे. बाळ मायनर, म्हणजे वाहक आहे का हे टाचेच्या रक्तातून कळत नाही. (जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकीत बिघाड असला तर मायनर, दोन्हींत असला तर मेजर.) मायनर ओळखायचा तो ‘ए-टू’ नावाच्या हिमोग्लोबिनवरून, आणि नवजात बाळात ए-टू इतकं नगण्य असतं की त्याचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. त्यासाठी वर्षाचा वाढदिवस होऊ दे, मग करा. मायनर असला तरी तो आजारी नसतो. त्याला लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या पाजायच्या नाहीत, आणि लग्न ठरवताना त्याला स्वतःला हे माहीत असायला हवं, एवढंच.

तुम्ही दोघं वाहक आहात का, हेही या रिपोर्टवरून कळत नाही. आणि माझ्या मते तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. जरा हिशेब करू. पुतण्याला मेजर आहे म्हणजे तुमचा भाऊ आणि वहिनी दोघंही नक्की वाहक. सख्ख्या भावामुळे तुम्ही वाहक असण्याची शक्यता दोनात एक. बायको वहिनीची सख्खी बहीण, तिचीही दोनात एक. दोघंही वाहक असण्याची चारात एक. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची चारात एक. म्हणजे या बाळाच्या बाबतीत जन्माआधी धोका सोळात एक होता. ‘एफए’ आल्याने तो धोका जवळजवळ गेला. पण तुम्ही दोघं वाहक असण्याची शक्यता किती खाली आली माहितेय? चारात एकवरून पाचात एकवर. वाहक जोडप्यालाही चारापैकी तीन वेळा मेजर नसलेलं बाळ होतंच, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टने त्यांच्याबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. पुढच्या बाळाचा धोका विसात एक उरतो. आई म्हणते देव पावला. एकदा पावला हे खरं.

मामाची मुलगी केली म्हणून हे झालं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कुजबूज चालू असणार. भारतात साधारण शंभरात तीन ते चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, आणि यात नात्यातलं लग्न न केलेलेही भरपूर. नवरा वाहक असेल तर परक्या घरातली बायको वाहक असण्याची शक्यता पंचवीस-तीसात एक. आते-मामे भावंड असेल तर नुसत्या त्या नात्यामुळेच ती आठात एक होते. आपल्याकडे काही समाजांत मामा-भाचीचं लग्न होतं, तिथे चारात एक. तेव्हा नातं धोका वाढवतं, पण दोष निर्माण करत नाही. लग्नाच्या आधी दोघांचं रक्त तपासलं तर मामाची मुलगीही करता येते. नंतर ‘मी म्हणत होतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्या पंगतीत मला बसायचं नाही.

तपासणी अगदी साधी आहे. दोघांचं सीबीसी आणि एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिनचा तपास. बेळगावात होतो, कोल्हापुरात होतो. दोघांचा खर्च मिळून बारशाच्या मांडवाच्या भाड्याएवढाही येणार नाही. उपाशीपोटी जायचं कारण नाही. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आणि पेशी बारीक (एमसीव्ही ८० च्या खाली, एमसीएच २७ च्या खाली) असं दिसलं की मायनर. पुस्तकात लिहिलंय की आधी एकाचं करा, तो स्वच्छ निघाला तर दुसऱ्याचं केलं नाही तरी चालतं. पुस्तकाचं बरोबर आहे. मी तरीही दोघांना एकदम बोलावते, कारण ‘दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात’ म्हणून गेलेल्यांतले निम्मे परत येत नाहीत. तो आठवडा ऊसतोडीत, यात्रेत, नाहीतर रजा न मिळण्यात जातो.

तुमच्या बायकोच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाळंतपणात तिला रक्ताची बाटली लागली असेल तर तिचा नमुना चार महिन्यांनी. आणि लोहाची कमतरता जास्त असेल तर ए-टूचा आकडा खाली ओढला जातो, मायनर असूनही काठावर येतो. उलट बी-बाराची कमतरता असेल तर तो थोडा वर जाऊ शकतो. म्हणून तीन-सव्वातीन-साडेतीनच्या आसपासचा आकडा आला की ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लावू नका. लोह भरून काढा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि तरी गोंधळ राहिला तर जनुकाची तपासणी. तुमच्यासारख्या घरात मी काठावरचा आकडा कधीच सोडत नाही. ज्यांच्या नात्यात कुणालाच काही नाही, त्यांच्या बाबतीत कदाचित सोडेन.

दोघंही वाहक निघालात तर? तर घाबरण्याआधी भावाकडे जा आणि पुतण्याची फाइल मागा. त्यात जनुकाचा रिपोर्ट असेल तर तुमच्यात नेमका कोणता बिघाड शोधायचा हे आयतं लिहिलेलं असेल. नसेल तर आधी तो करून घ्यावा. हे सगळं पुढचे दिवस राहण्याच्या आधी करायचं, कारण गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत, वारेचा बारीकसा तुकडा सुईने काढून करतात. आई-बापाचा बिघाड आधी माहीत नसेल तर तो शोधण्यात ते आठवडे निघून जातात. बायका माझ्याकडे पाचवा महिना लागल्यावर येतात आणि मग सगळ्यांचीच धावपळ होते. मुंबईत केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही या कामातली जुनी, सरकारी संस्था. गर्भाची तपासणी म्हटलं की लोक लिंगनिदानाच्या कायद्याला घाबरतात. १९९४ च्या त्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भतपासणीला मुभा आहे. बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगण्यावर. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, बाळाच्या गंभीर आजाराच्या कारणासाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत आली. पुढे काय करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. त्यात मी मत देत नाही, विचारलं तरी देत नाही.

इतकी वर्षं बेळगावात बसून जे बघतेय ते आता सांगते, कारण आपल्या भागात रिपोर्ट चुकण्यापेक्षा रिपोर्ट हरवतो जास्त. सासर कर्नाटकात, माहेर महाराष्ट्रात. गरोदरपणाची नोंद इकडच्या तायी कार्डावर, बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात, आणि सव्वा महिन्याने बाळ परत इकडे. टाचेच्या कागदावर बाळाचं नाव नसतं, अजून ठेवलेलंच नसतं. तिथे असतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, कधी माहेरचं, कधी सासरचं. खाली फोन नंबर असतो तो फॉर्म भरताना जवळ उभ्या असलेल्या मामाचा. मामा पुढच्या महिन्यात पुण्याला कामाला निघून जातो. ‘पुन्हा तपासा’ असा निरोप आला तर तो मामाच्या मोबाइलवर, इंग्रजीत. तिकडची आशाताई म्हणते बाळ बेळगाव जिल्ह्यात गेलं, इकडच्या आशाताईकडे त्या नमुन्याची नोंदच नसते. एकदा एका बाळाचं ‘एफएस’ आलेलं पत्र सात महिने आजोळच्या देव्हाऱ्यामागे खोचलेलं होतं. बाळाच्या हाता-पायाची बोटं सुजली म्हणून ते माझ्याकडे आलं, तेव्हा पत्र निघालं.

म्हणून तुम्ही एवढं करा. रिपोर्टची छापील प्रत घ्या, तिच्या मागे बाळाचं ठेवलेलं नाव, दोघांचे नंबर आणि सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव लिहा. ती लसीकरणाच्या कार्डाला पिनने लावून टाका. कार्ड कुणी हरवत नाही, शाळेत लागतं म्हणून.

वर ‘एफएस’ म्हटलं, त्यावर थोडं. ‘एस’ म्हणजे सिकल सेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आजाराचं हिमोग्लोबिन. ‘एफएएस’ आलं तर बाळ वाहक, ‘एफएस’ आलं तर आजार धरून चालायचं. तुमच्या बाळात एस नाही, विषय संपला; पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. नवजात बाळ तपासायचा सगळ्यात रोख फायदा या आजारात मिळतो. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की सिकलच्या लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकॉकस या जंतूचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात. दोन-तीन महिन्यांचं असताना औषध सुरू करायचं तर निदान त्याआधी हवं, म्हणजे जन्मल्याबरोबरच हवं. त्या आईला मी आणखी एक शिकवते. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून प्लीहा चाचपायची, रोज, आंघोळ घालताना. एकाएकी मोठी लागली आणि बाळ पांढरं पडलं तर तडक दवाखाना.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यातल्या १७ राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत, आणि भर आदिवासी भागांवर आहे. सिकलच्या शिबिरांत विरघळण्याची जी झटपट चाचणी करतात, तिच्यावर तान्ह्या बाळाच्या बाबतीत विसंबू नका. बाळात एफ इतकं जास्त असतं की त्या चाचणीत एस लपून जातो.

हिमोफिलियाचंही कुणीतरी विचारणारच, तर तो टाचेच्या या तपासणीत कळत नाही. आईच्या भावाला किंवा वडिलांना रक्त न थांबण्याचा त्रास असेल, तर मुलग्याचे कान बारशाला टोचायचे थांबवा आणि आधी रक्त गोठण्याची वेगळी तपासणी करून घ्या. तुमच्याकडे तसा काही इतिहास लिहिलेला नाही, त्यामुळे कान टोचायला माझी हरकत नाही.

पुतण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की भाऊ आता थकलाय. त्याला दोन गोष्टी सांगा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढावं. आणि कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून मज्जाप्रत्यारोपणासाठी ठरलेल्या रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. मुलाला सख्खं भावंड असेल तर त्याची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा एचएलए तपासणी झालीय का हे विचारा. नसेल तर का नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारावं, माझ्याकडे त्याची फाइल नाही.

आता तुम्ही आजच चंदगडला फोन लावा आणि ट्रंक उघडली का ते विचारा. बारसं झालं की सोमवारी तुम्ही स्वतः रक्त देऊन या, बायको सव्वा महिन्याने इकडे आली की तिचं. दोघांनी एकदमच यावं असं मी वर म्हटलं खरं, पण ओल्या बाळंतिणीला पावसात घाटातून आणायला मी सांगणार नाही. तुमचा ए-टू आणि बाळाच्या रिपोर्टातला ए चा टक्का, हे दोन आकडे नाव झाकून इथेच लिहा, मी बघते.